शेपटीसाठी निविदा

चंद्रपुरात वाघ पाहायला पैसे मोजणाऱ्या माणसाकडे लोक जरा दयेनंच बघतात. आमच्या दूधवाल्याकडे वाघाचा व्हिडिओ आहे. पहाटे दूध आणताना रस्त्यात आडवा आला म्हणून त्यानं गाडी थांबवून काढलेला. शेजारच्या काकूंच्या माहेरी गोठ्यामागं बिबट्या येतो आणि काकू ते ‘जावईबापू येतात’ अशा सुरात सांगतात. माझ्या वाट्याला पन्नास वर्षांत एकही वाघ आला नव्हता आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. मग पुण्याहून साडू आले.

साडूंनी दोन दिवसांत तीन वाघ पाहिले. रात्री जेवताना सांबारवडीचा तिसरा तुकडा उचलत (पहिल्या तुकड्याआधी त्यांनी घाबरून ताट सरकवलं होतं, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पटवायला दहा मिनिटं गेली) ते म्हणाले, “तुमचे फोटो दाखवा ना आता. तुम्ही तर इथलेच.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पापडाकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात मी कॅमेरा घेतला. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, तो गेटवरच ठेवावा लागतो. त्यामुळे मोबाइलवर भागवणाऱ्या माझ्यासारख्यांना वाघाचा फोटो हवा असेल तर कॅमेऱ्यावाचून गत्यंतर नाही. हे मी बायकोला तीन वेळा समजावलं. ती म्हणाली, “वाघ डोळ्यांनी पाहता येतो म्हणतात.” पण तोवर पहिला हप्ता गेला होता.

मे महिन्यातल्या एका सकाळी मोहर्ली गेटमधून आमची जिप्सी आत शिरली. सहा पर्यटक, एक गाईड, एक ड्रायव्हर. माझ्या शेजारच्या दोघांकडे तोफेएवढ्या लेन्स होत्या आणि अंगात जंगलाच्या रंगाचे कपडे. मी ऑफिसचाच पांढरा शर्ट घातला होता. वाघानं पाहिलं तर सरकारी माणूस म्हणून लक्ष देणार नाही, एवढाच त्याचा फायदा. दोन तास आम्ही धूळ खाल्ली. मग कुठंतरी चितळ ओरडलं, गाईडनं हात वर केला आणि सगळे एकदम कुजबुजायला लागले.

“सर, झाकण,” गाईड माझ्या कानाशी म्हणाला.

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

“सर, लेन्सचं.”

लेन्सचं झाकण काढेपर्यंत वाघ बांबूच्या बेटातून निघून रस्ता ओलांडून गेलासुद्धा. तोफांचा खडखडाट झाला. मीही बटण दाबून धरलं. एकूण एक्केचाळीस फोटो निघाले. चाळीस फोटोंत ड्रायव्हरच्या सीटची पाठ आहे आणि ती अगदी स्पष्ट आली आहे. एक्केचाळिसाव्यात झुडपात शिरणारी शेपूट आहे.

शेजारचे तोफवाले एकमेकांना ‘हेड-ऑन मिळाला’ म्हणून टाळ्या देत होते. हेड-ऑन म्हणजे समोरून चालत येणारा वाघ. मला जे मिळालं त्याला काय म्हणतात, ते मी विचारलं नाही. गाईडला माझी दया आली असावी. “शेपूट छान आली सर. वाघाचे पट्टे कधी जुळत नाहीत जी, आपल्या अंगठ्यावानी. ही शेपूट जगात एकाच वाघाची.”

एवढ्या प्रमाणपत्रावर मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जटपुरा गेटजवळच्या एका स्टुडिओतून आईसाठी चार-बाय-सहाची एक प्रिंट काढून आणली. आई पंच्याऐंशीची, मूळची आलापल्लीकडची. तिनं फोटो उजेडात धरला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, “बरे हायेत.”

“आई, एकच आहे.”

“असन बाबू,” म्हणाली आणि फोटो कुठंतरी ठेवून दिला. आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, आईनं ‘कुठंतरी’ ठेवलेल्या असतात.

इथंच सगळं संपायला हवं होतं. पण मी शेपटीचा फोटो पुण्याच्या भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “मामा, मस्त! पण एडिट नाही केला का? कोणतं सॉफ्टवेअर वापरता?”

आता मी सत्तावीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत काढली आहेत. आमच्याकडे टाचण्यांचा डबासुद्धा तीन दरपत्रकांशिवाय येत नाही. ‘कोणतं’ असा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो. मी त्याच रात्री कागद आखला. अनुक्रमांक, नाव, दर, गुण, दोष, शेरा. वर लिहिलं : ‘विषय : वाघाच्या (शेपटीच्या) छायाचित्राचे संपादन करणेकरिता सॉफ्टवेअर निवडणेबाबत तुलनात्मक तक्ता.’

पहिलं नाव अर्थातच फोटोशॉप. थॉमस आणि जॉन नॉल या दोन अमेरिकन भावांचं हे काम, बाजारात आलं 1990 साली. दोन भावांनी मिळून एक काम केलं आणि ते अजून चालू आहे, हे वाचून मला आमच्या घराण्याच्या मानानं फारच कौतुक वाटलं. अडचण एवढीच की 2013 पासून नवी आवृत्ती एकदाच पैसे मोजून कायमची घेता येत नाही, भाड्यानं वापरायची. बायको म्हणाली, “घराचं भाडं आत्ता कुठं सुटलं. आता शेपटीचं सुरू करता?” शेरा : विचाराधीन.

दुसरं लाइटरूम, फोटोशॉपवाल्याच कंपनीचं, 2007 सालचं, खास फोटोवाल्यांसाठी. हे मूळ फोटोला हातच लावत नाही. तुम्ही केलेले बदल वेगळे लिहून ठेवतं आणि फोटो दाखवताना ते वरून चढवतं. हे मला एका वाक्यात कळलं, कारण आमची फाइल अशीच चालते. मूळ अर्ज तळाशी जसाच्या तसा आणि वर टिपण्यांचा ढीग. भाडं मात्र इथंही. शेरा : तत्त्वतः मान्य, निधी नाही.

तिसरं गिम्प. कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी बनवलं, 1996 मध्ये लोकांसमोर आलं आणि तेव्हापासून फुकट. त्याच्या चिन्हावर तोंडात ब्रश धरलेला एक प्राणी आहे आणि त्याचं तोंड समोर आहे, हे मी आधी नोंदवलं. पण भांडार शाखेतल्या माणसाला शून्य रुपयाचा दर आला की झोप लागत नाही. शून्य रुपयात काम करतो म्हणणारा ठेकेदार पुढं काय करतो, ते आम्ही पाहिलेलं असतं. शेरा : अवास्तव कमी दराबाबत खुलासा मागवावा. खुलासा कोणाकडून मागवायचा, ते ठरेना.

चौथं डार्कटेबल, पाचवं रॉथेरपी. दोन्ही फुकट, दोन्ही रॉ फाइलींसाठी. पाचव्याचं नाव ऐकून बायकोनं विचारलं, “हे पाठीसाठी आहे का? आईंना लावून पाहू.” सहावं पिकासा, मला आयुष्यात वापरता आलेलं एकमेव. पण गूगलनं ते 2016 मध्ये बंद केलं. शेरा : सेवानिवृत्त. सातवं स्नॅपसीड, मोबाइलवरचं, फुकट. भाचा म्हणाला, “मामा, हेच घ्या. बसमध्ये बसल्याबसल्या होऊन जातं.” बसमध्ये बसल्याबसल्या होत असेल, तर मग तक्ता कशासाठी आखला? शेरा : गांभीर्याचा अभाव.

या तक्त्यात जून गेला. जुलैपासून तीन महिने ताडोब्याचा गाभा पावसाळ्यासाठी बंद असतो. म्हणजे वाघ सुटीवर, आणि मी अभ्यासाला मोकळा.

तक्ता घेऊन मी पुन्हा त्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाले भाऊ वीस वर्षांपासून लग्नाचे अल्बम करतात. त्यांच्या हातून गेलेली नवरी एक छटा उजळते, नवरदेवाच्या अंगात कोट येतो आणि मागं आयफेल टॉवर उभा राहतो. गेलेल्या आजोबांना त्यांनी अनेक लग्नांत पहिल्या रांगेत आणून बसवलं आहे. ते वापरतात फोटोशॉपच, पण 2002 सालचं, सात नंबरचं.

“पुढचं का नाही घेत?”

“सप्तपदीत आठवं पाऊल असते का जी?” ते म्हणाले. “मंग कायले पायजे?”

त्या वेळी त्यांच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर झाडीपट्टीच्या एका नाटकाचं पोस्टर चाललं होतं. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या गावोगावी निघतात, त्याआधी पोस्टरांची घाई असते. मुलगा नायकाला केस लावत होता. खलनायकाच्या डोळ्यांत लाल रंग भरून झाला होता. नायिकेचं डोकं एका फोटोतलं होतं, धड दुसऱ्या, आणि त्या दोघांच्या मध्ये मान नव्हती.

भाऊंनी माझी शेपूट पाहिली. “काही चिंता करू नका. पाच मिनिटांत मुंडकं लावून देतो.”

“कुणाचं?”

“वाघाचंच ना जी. शेपूट तुमची, वाघ आमचा.”

आणि खरंच, मी नको म्हणेपर्यंत त्यांनी कुठूनतरी एक अख्खा वाघ उचलला, कापला, शेपटीला चिकटवला आणि सांधा पुसून टाकला. वाघ देखणा होता. थेट माझ्याकडे पाहत होता. मी हरखलो. तेवढ्यात पोस्टरवरचा मुलगा वाकून म्हणाला, “काका, याच्या मिशीवर बर्फ हाये.”

मे महिना. मोहर्ली. त्रेचाळीसच्या पुढचा पारा. आणि वाघाच्या मिशीवर बर्फ.

“बर्फ काढतो,” भाऊ म्हणाले.

“वाघच काढा,” मी म्हणालो.

ऑफिसात माझ्या शेजारी एक पक्षीवेडे सहकारी बसतात. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “फोटो रॉमध्ये काढला का?”

“नाही, मोहर्लीत.”

त्यांनी डोळे मिटले. मग डबा उघडला, भाताचा घास हातात घेतला आणि म्हणाले, “हे काय आहे?”

“भात.”

“याचं पुन्हा धान करता येईल?”

“नाही.”

“तुमचा फोटो म्हणजे हा भात. जेपीईजी. कॅमेऱ्यानं आतल्या आत कांडून, शिजवून, ताटात वाढलेला. रॉ म्हणजे धान. लागेल तसं कांडा, लागेल तसं शिजवा.” पुढं ते आकड्यांत गेले. साधा फोटो प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या ठेवतो आणि चौदा बिटांची रॉ 16,384. अंधाऱ्या कोपऱ्यात काय दडलंय, ते धानातून काढता येतं. भातातून काढायला गेलं की गिच्चा होतो. शिवाय ज्या कंपनीचा कॅमेरा असतो तिचंच सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळतं, कॅनन देतं, निकॉनही देतं, हे तुम्ही पाहिलं नाही का?

ते मी पाहिलं नव्हतं. निविदा काढताना घरच्या माणसाला विचारायची आमच्यात पद्धत नाही. आणि रॉ मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं होतं, एकेका फोटोला पंचवीस-तीस एमबी जागा जाते म्हणून. ड्रायव्हरच्या सीटची पाठ चाळीस वेळा मावावी, एवढ्यासाठी मी धान फेकून भात घरी आणला होता.

तरी मी भातावरच कामाला लागलो. फुकटची उतरवली, भाड्याची चाचणीपुरती उसनी वापरली. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये डावी-उजवीकडे सरकणाऱ्या पट्ट्या असतात. आणि पट्टी सरकवता येते म्हटल्यावर ती शेवटपर्यंत सरकवून पाहणं, हा मनुष्यस्वभाव आहे. रंगाची पट्टी शेवटपर्यंत नेली तर शेपटीला आग लागली. धाकटा मुलगा म्हणाला, “बाबा, लंकादहन.” क्लॅरिटीची पट्टी नेली तर शेपटीचा एकेक केस ताठ उभा राहून बाटली धुवायचा ब्रश तयार झाला. दाणे काढायची पट्टी नेली तर शेपूट इतकी गुळगुळीत झाली की तिच्यावर सनमायका ठोकल्यासारखं वाटावं. एक पट्टी ‘डीहेझ’ नावाची होती, फोटोतला धूरकट थर काढणारी. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र अंगावर घेऊन बसलेल्या आमच्या गावात ही पट्टी सापडल्यावर मी ती आधी खिडकीबाहेर धरून पाहिली.

ताडोबा हे नाव तारू नावाच्या गोंड प्रमुखावरून पडलं म्हणतात. तो वाघाशी झुंजताना पडला आणि तळ्याकाठी त्याचं देऊळ झालं. मी शेपटीशी झुंजताना रोज रात्री साडेबाराला पडत होतो, आणि बायको फक्त दिवा मालवत होती.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वेळी न चुकता करायचो. फोटो उघडला की आधी कापायचा. भाच्यानं सांगितलं होतं, चित्राचे तीन भाग पाडावे आणि मुख्य वस्तू मधोमध नको, बाजूच्या रेघेवर यावी. माझ्या फोटोत डाव्या हाताला बांबूखालचा एक काळा कोपरा होता, अगदी निरुपयोगी. तो छाटला की शेपूट बरोबर रेघेवर यायची. सातही ठिकाणी मी पहिली कात्री त्या कोपऱ्यालाच लावली. लाइटरूमनं आणि डार्कटेबलनं बिचाऱ्यांनी मूळ फोटो जपला. पण ऑगस्टमध्ये एका रात्री मी दुसऱ्याच एकात काम करत होतो. ‘सेव्ह’ करू की ‘सेव्ह ॲज’ करू, असं त्यानं सौजन्यानं विचारलं. झोपेत मला ‘ॲज’ हे उगाच वाटलं. मूळ फोटोवरच छाटलेला फोटो बसला. मी म्हटलं, बरं झालं, कोपरा कायमचा गेला. लाइटरूममधून नजर फिरवायला गेलो तर तिथंही तीच फाइल. टिपण्या सगळ्या जागेवर, तळाचा अर्जच बदललेला. कार्ड तर मी जूनमध्येच पुसलं होतं. स्टुडिओवाल्या भाऊंकडेही काही उरलं नव्हतं. “लग्नाचे फोटो सहा महिन्यांच्यावर ठेवत नाही आम्ही,” ते म्हणाले. “तुमच्या शेपटीचं काय घेऊन बसले?”

दिवाळीत मी तयार फोटो साडूंना पाठवला. निखाऱ्यासारखी झळाळती, ब्रशासारखी ताठ, रेघेवर बसवलेली शेपूट. साडूंचं उत्तर दोन मिनिटांत आलं, “वा, छान! हे काय आहे?”

मी फोन पालथा ठेवला आणि आईच्या खोलीत गेलो. ती शिवलीलामृताची पोथी घेऊन बसली होती. अकरावा अध्याय चालू होता, हातात भिंग होतं. पानांमध्ये खूण म्हणून काहीतरी खोचलेलं. ‘कुठंतरी’चा पत्ता मला त्या दिवशी लागला. ती माझी चार-बाय-सहा होती.

“आई, हा फोटो दे जरा.”

“खूण हाये ते. हलवू नको.” मग माझं तोंड पाहून तिनं फोटोवर भिंग धरलं. “पाय मग इथूनच.”

भिंगाखाली शेपूट आली, न पेटलेली, साधी, थोडी हललेली. मग आईनं भिंग डावीकडे सरकवलं. बांबूखालच्या काळ्या कोपऱ्यात आधी एक कान दिसला. मग त्याखाली कपाळावरच्या चार रेघा. मग दोन डोळे, थेट माझ्याकडे पाहणारे.

हेड-ऑन.

“आई, हा तुला केव्हा दिसला?”

“तवाच. म्हटलं ना तुले, बरे हायेत म्हणून. तू म्हणालास एकच हाये. मले वाटलं, दुसरा तुले आवडला नसन.”

“पण तुला दिसला कसा?”

“आमी पोरी मोहफुलं वेचाले जात होतो तवा आमचा बाप सांगे, एक दिसला का त्याले पाहत बसू नका. दुसरा कुठं हाये ते आधी पाहा.” आणि भिंग पुन्हा ओवीवर गेलं.

फोटो हलवायचा नव्हता. मी धावत जाऊन मोबाइल आणला आणि पोथीत खोचलेल्या फोटोचाच फोटो काढला. आईनं तो अंगठ्यानं दाबून धरला होता. मोबाइलवर पाहिलं तर दोन्ही वाघ आले होते, शेपटीवालाही आणि तोंडवालाही. आणि उजव्या बाजूला, दोन्ही वाघांहून मोठा, पंच्याऐंशी वर्षांचा अंगठा. त्याच्या रेघासुद्धा इतक्या स्वच्छ आल्या होत्या की गाईडनं ओळखला असता.

साडूंना पाठवला. या वेळी त्यांचा फोनच आला. “अहो, कमाल! दोन-दोन वाघ! फक्त तो अंगठा तेवढा काढून टाका ना. कोणतं सॉफ्टवेअर वापरता?”

“राहू दे,” आई पोथीतून मान वर न करता म्हणाली. “फोटोवर माझा अंगठा हाये समज.”

पण ‘कोणतं’ हा शब्द कानावर पडून गेला होता. रात्री सगळे झोपल्यावर मी पट्टी घेतली, नवा कागद आखला आणि वर लिहिलं : ‘विषय : छायाचित्रातील अंगठा काढून टाकणेबाबत.’ शेऱ्याचा रकाना ओढतच होतो, तेवढ्यात अंधारातून बायकोचा आवाज आला.

“नामंजूर.”

आणि तिनं दिवा मालवला.